दाढ, चूळ आणि अडकित्ता: मेरोपेनेम फोडणारं एन्झाइम आतून कसं असतं

तुम्ही विचारलंय ते आधी थोडक्यात मांडते, म्हणजे मागाहून वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमच्या सासऱ्यांच्या लघवीच्या कल्चरमध्ये क्लेबसिएला न्यूमोनिए निघाला. रिपोर्टच्या तळाशी ‘एमसीआयएम पॉझिटिव्ह, ईसीआयएम पॉझिटिव्ह, मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज’ अशी ओळ होती (या दोन चाचण्या काय, ते पुढे येईल). डॉक्टरांनी मेरोपेनेम हे अँटिबायोटिक थांबवून अ‍ॅझट्रिओनाम आणि अविबॅक्टम सुरू केलं. तुम्ही अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवता. तुमचं म्हणणं असं, की ऑगमेंटिनमध्ये एन्झाइमला अडवणारं क्लॅव्हुलॅनिक आम्ल असतंच, मग तसलंच काहीतरी मेरोपेनेमच्या जोडीला देऊन का भागत नाही? आणि बाकी सगळी औषधं फुटतात तिथे एकटं अ‍ॅझट्रिओनाम कसं टिकतं? वर ‘सोपं करून सांगू नका, रचना सांगा’ अशी तंबीही दिलीत. बरं वाटलं.

उपचाराबद्दल मी बोलणार नाही. पेशंट तुमच्या डॉक्टरांसमोर आहे, माझ्यासमोर नाही. मी लॅबमध्ये बसणारी बाई, वीसेक वर्षं प्लेटा वाचतेय. पण तुमच्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच जागी आहे: औषध फोडताना एन्झाइम त्या औषधाला स्वतःशी जोडून घेतं की नाही.

आधी औषध बघू. पेनिसिलिन, सेफॅलोस्पोरिन, मेरोपेनेम, अ‍ॅझट्रिओनाम, सगळ्यांच्या पोटात एकच चौकोनी कडं आहे, बीटा-लॅक्टम: तीन कार्बन, एक नायट्रोजन. त्यात तुमच्या फळ्यावरचाच अमाइड बंध आहे, फक्त चौकोनात कोंबलेला. कार्बोनिल कार्बनला १२० अंशांच्या आसपासचा कोन हवा असतो, इथे त्याला ९० च्या आसपास दाटीवाटीने बसवलंय. पेनिसिलिनमध्ये शेजारी गंधकवाला पंचकोन जोडलेला आहे. त्यामुळे सगळा सांगाडा उघड्या पुस्तकासारखा घडी पडून वाकतो आणि नायट्रोजनची इलेक्ट्रॉन-जोडी कार्बोनिलकडे नीट झुकत नाही. साध्या अमाइडचा टिकाऊपणा त्या झुकण्यातूनच येतो, तो इथे कमी पडतो. कडं ताणलेलं, उघडायला टपलेलं. सेफॅलोस्पोरिनमध्ये शेजारी षट्कोन असतो. मेरोपेनेममध्ये पंचकोनच, पण गंधकाच्या जागी कार्बन. अ‍ॅझट्रिओनामला शेजारीच नाही, चौकोन एकटा. हे लक्षात ठेवा, शेवटी लागेल.

हे उघडायला टपलेलं कडं जीवाणूला मारतं कसं? जीवाणू आपली पेशीभित्तिका विणताना शेवटचे टाके काही खास प्रथिनांकडून घालून घेतो. त्यांना आम्ही पीबीपी म्हणतो, पेनिसिलिन बांधून घेणारी प्रथिनं. प्रत्येक धाग्याच्या टोकाला दोन डी-अ‍ॅलानिन असतात. पीबीपीच्या खाचेतलं सेरीन त्या दोघांमधल्या बंधावर हल्ला करतं, शेवटचं अ‍ॅलानिन सोडून देतं आणि उरलेलं टोक शेजारच्या धाग्याला जोडतं. पेनिसिलिनचा आकार या टोकाशी मिळताजुळता आहे. पीबीपी फसतं, सेरीन कड्यावर हल्ला करतं, कडं उघडतं आणि उघडलेलं औषध सेरीनला एस्टर बंधाने चिकटून बसतं. सुटत नाही. लोणावळ्याची चिक्की दाढेला बसावी तसं. दाढ अडकली की विणकाम थांबलं, आणि आतल्या दाबाने जीवाणू फुटतो.

आता बीटा-लॅक्टमेज, म्हणजे हे कडं फोडणारी जीवाणूंची एन्झाइमं. यांचे चार वर्ग मानतात: ए, बी, सी, डी. ही वर्गवारी १९८० मध्ये अँब्लर यांनी अमिनो आम्लांच्या क्रमावरून सुरू केली. ए, सी आणि डी सेरीनवाले, बी जस्तवाला. सेरीनवाले तिन्ही वर्ग पीबीपीचेच भाऊबंद आहेत. घडण तीच, खाच तीच, सेरीन तेच. बदललं ते एवढंच, की या दाढेला चूळ भरता येते.

हे टेम-१ वर दाखवते, कारण ते सगळ्यांत उकरून काढलेलं एन्झाइम आहे. १९६० च्या दशकात अथेन्समधल्या टेमोनिएरा नावाच्या रुग्णाच्या ई. कोलायमध्ये ते सापडलं. नाव तिथूनच आलं. २६३ अमिनो आम्लं, दोन खंड: एकात मधोमध बीटा-पट्ट्यांचा पडदा आणि बाजूने अल्फा-सर्पिलं, दुसरा जवळजवळ सगळा सर्पिलांचा. औषध बसायची खाच या दोन खंडांच्या सांध्यात. खाचेच्या तोंडाशी ७० व्या जागेवर सेरीन, त्याला लागून ७३ वर लायसीन, समोर १३० वर आणखी एक सेरीन. एका भिंतीला बीटा-पट्टी, औषध तिच्या कडेने समांतर लागतं. कार्बोनिलचा ऑक्सिजन एका छोट्या कोनाड्यात बसतो. तिथे ७० आणि २३७ या जागांच्या कण्यातले दोन एन-एच गट त्याला हायड्रोजन बंधांनी धरतात, म्हणजे हल्ला झाल्यावर ऑक्सिजनवर येणारा ऋणभार सांभाळला जातो. इथपर्यंत पीबीपीत आणि यात फार फरक नाही.

फरक खाचेच्या तळाशी आहे. १६१ ते १७९ या अमिनो आम्लांचं एक वेटोळं तळाला फरशीसारखं पसरलेलं असतं. ग्रीक ओमेगासारखं दिसतं म्हणून ओमेगा वेटोळं म्हणतात. त्यावर १६६ व्या जागी ग्लुटामेट असतं आणि त्याने एक पाण्याचा रेणू नेमका धरून ठेवलेला असतो. सेरीनने औषध पकडलं, कडं उघडलं, औषध चिकटलं, की हे ग्लुटामेट पाण्याचा प्रोटॉन ओढतं आणि पाणी त्या एस्टर बंधावर सुटतं. चूळ भरली, चिक्की निघाली, दाढ मोकळी. पेनिसिलिनच्या बाबतीत हे सेकंदाला हजाराहून जास्त वेळा घडतं. रेणू एन्झाइमपर्यंत पोचण्याचा वेळ हीच जवळपास मर्यादा उरते, एवढं ते तरबेज आहे.

(सेरीनचा प्रोटॉन पहिल्या पायरीला कोण ओढतं, लायसीन ७३ की ग्लुटामेट १६६, यावर यंत्रणेचा अभ्यास करणारे वर्षानुवर्षं भांडले आहेत. मी त्यात पडत नाही.)

एवढं समजलं की क्लॅव्हुलॅनिक आम्ल आपोआप समजतं. तेही बीटा-लॅक्टमच, स्ट्रेप्टोमायसिस क्लॅव्हुलिजेरस या जीवाणूचं. सेरीन त्याला पकडतं, कडं उघडतं. पण उघडल्यावर त्या रेणूत पुढची उलथापालथ होते, शेजारचं कडंही फुटतं आणि उरलेला तुकडा अशा रूपात सेरीनला धरून बसतो की चुळीने निघत नाही. म्हणजे ही चिवट चिक्की. पण हे सगळं घडायला आधी दाढ पाहिजे. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आलं.

मेरोपेनेमही टेमपुढे टिकतं ते याच कारणाने. त्याच्या कड्यावर हायड्रॉक्सिएथिल नावाचा एक गट आहे, तोही पेनिसिलिनमधल्या साखळीच्या उलट बाजूला वळलेला. सेरीनने मेरोपेनेम पकडलं की हा गट नेमका चुळीच्या पाण्याच्या वाटेत येतो. औषध चिकटतं आणि बराच वेळ निघत नाही. मग मेरोपेनेम फोडणारं वर्ग एचं केपीसी काय करतं? घडण तीच ठेवून खाच थोडी प्रशस्त करतं, ६९ आणि २३८ या जागांवरच्या दोन सिस्टीनांमध्ये डायसल्फाइडचा टाका घालून आकार पक्का करतं, आणि तो गट पाण्याच्या वाटेतून जरा बाजूला सरकू शकतो. बदल म्हणाल तर बारीकसे.

ओमेगा वेटोळ्याची आणखी एक गंमत सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. या फरशीला दोन खिळे आहेत: १६४ वरचं आर्जिनिन आणि १७९ वरचं अ‍ॅस्पार्टेट. धन आणि ऋण, एकमेकांना धरून. टेममध्ये १६४ वरचं आर्जिनिन बदललं की फरशी सैल होते आणि एरवी आत न मावणारं सेफ्टाझिडीम नावाचं सेफॅलोस्पोरिन आत मावू लागतं. रिपोर्टवर ‘ईएसबीएल’ (जास्त औषधं फोडणारं बीटा-लॅक्टमेज) लिहिलेलं असतं त्यातले काही प्रकार असेच झाले. केपीसीत दुसरा खिळा, १७९ चा, निघून तिथे टायरोसीन आलं तर सेफ्टाझिडीम-अविबॅक्टम निरुपयोगी होतं. पण फरशी इतकी विस्कटते की केपीसीला मेरोपेनेम धड फोडता येत नाही आणि जीवाणू पुन्हा मेरोपेनेमला ‘सेन्सिटिव्ह’ दिसू लागतो. नवीन रेसिडेंट असा रिपोर्ट पाहतात तेव्हा लॅबची चूक समजून फोन करतात. चूक नसते, एक खिळा निघालेला असतो.

वर्ग सी पटकन उरकते. तिथे खाच जरा मोठी आणि चुळीचं पाणी दुसऱ्या बाजूने येतं. वर्ग डी मात्र आपल्याकडे महत्त्वाचा, त्यातही ऑक्सा-४८ आणि त्याची भावंडं. तिथे ग्लुटामेट १६६ नाहीच. त्याचं काम लायसीन करतं, आणि ते करण्यासाठी हवेतल्यासारखा कार्बन डायऑक्साइडचा रेणू स्वतःला जोडून घेतं. लायसीनवर कार्बामेट! पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला छापण्यातली चूक वाटली होती. ऑक्सा-४८ मेरोपेनेम हळू फोडतं, त्यामुळे प्लेटवर झोन (औषधाच्या डिस्कभोवती जंतू न वाढलेलं वर्तुळ) कधीकधी फसवा, बरा दिसतो. पण दाढ आहेच, सेरीन आहेच. अविबॅक्टम त्यालाही बसतं.

अविबॅक्टममध्ये बीटा-लॅक्टम कडं नाही. वेगळ्या सांगाड्याचा, यूरियासारखा बंध असलेला रेणू. सेरीन त्यावर हल्ला करतं आणि जो बंध तयार होतो तो कार्बामेटचा असतो, साध्या एस्टरहून पाण्याला दाद न देणारा. आणि सुटलंच तर बहुधा पाण्याने तुटून नाही, उलट्या पावली, जसंच्या तसं सुटतं आणि पुन्हा बसतं. वर्ग ए, सी आणि डीमधला ऑक्सा-४८, तिघांवर चालतं. कारण तिघांनाही दाढ आहे.

आता तुमच्या सासऱ्यांचं एन्झाइम. भारतात क्लेबसिएलामध्ये ‘मेटॅलो’ निघालं की बहुतेक वेळा ते एनडीएम, म्हणजे न्यू दिल्ली मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज, असतं. याची रचना वर सांगितलेल्या कशाशीही जुळत नाही. दोन बीटा-पट्ट्यांचे पडदे समोरासमोर, बाहेरून दोन्हीकडे सर्पिलं, सँडविचसारखं. वरच्या कडेला उथळ, रुंद खाच. त्या खाचेत सेरीनची दाढ नाहीच, जस्ताचे दोन आयन आहेत. पहिल्याला तीन हिस्टिडिनांनी धरलंय, १२०, १२२ आणि १८९. दुसऱ्याला १२४ चं अ‍ॅस्पार्टेट, २०८ चं सिस्टीन आणि २५० चं हिस्टिडिन. (पेपर वाचायला गेलात तर हेच सिस्टीन कुठे २०८ तर कुठे २२१ दिसेल. सगळ्या वर्ग बीसाठी एक सामायिक क्रमांकन आहे, त्यात ते २२१ येतं. मी या घोळात एक अख्खी दुपार घालवली आहे.) दोन जस्तांच्या मध्ये पुलासारखा एक हायड्रॉक्साइड, म्हणजे प्रोटॉन गमावलेलं पाणी. एरवी पाण्याचा प्रोटॉन सहज सुटत नाही, पण दोन जस्तांनी इलेक्ट्रॉन ओढून धरल्यामुळे इथे सुटतो. म्हणजे चूळ आधीपासून तोंडात भरून तयार आहे.

औषध आलं की त्याच्या शेजारच्या कड्यावरचा कार्बॉक्सिल गट २११ च्या लायसीनला आणि दुसऱ्या जस्ताला लागतो. कार्बोनिलचा ऑक्सिजन पहिल्या जस्ताकडे आणि २२० च्या अ‍ॅस्पाराजीनकडे वळतो. चौकोन नेमका हायड्रॉक्साइडसमोर येतो, हायड्रॉक्साइड सरळ कार्बोनिल कार्बनवर बसतं, बंध तुटतो. तुटलेल्या नायट्रोजनवरचा ऋणभार दुसरं जस्त सांभाळतं, मग त्याला प्रोटॉन मिळतो आणि तुकडा बाहेर. आजीच्या पानाच्या डब्यातला अडकित्ता आठवा. सुपारी आत, कटकन आवाज, दोन तुकडे, पात्याला काही चिकटलेलं नाही. सगळ्या वाटेत औषध आणि प्रथिन यांच्यात एकही सहसंयोजी बंध झाला नाही. क्लॅव्हुलॅनिक आम्ल, टॅझोबॅक्टम, अविबॅक्टम, सगळ्यांची युक्ती ‘आधी मला पकड, मग मी सोडत नाही’ अशी. इथे पकडणारंच कोणी नाही. क्लॅव्हुलॅनिक आम्लाला तर एनडीएम इतर बीटा-लॅक्टमांसारखंच फोडतं.

मेरोपेनेमच्या हायड्रॉक्सिएथिल गटाचंही तेच. तो चुळीची वाट अडवायचा, इथे पाणी मागून येतच नाही. शिवाय खाच रुंद. तिच्या वर एल-३ नावाचं एक हलतं वेटोळं आहे, त्यावर ल्युसीन, मेथिओनीन, फेनिलअ‍ॅलानीन असली पाण्याला नको म्हणणारी अमिनो आम्लं. ते झाकणासारखं खाली येतं आणि औषधाच्या बाजूच्या साखळीला सैलसर धरतं. सैलसर धरतं म्हणूनच ना तऱ्हा बघत ना आकार: पेनिसिलिनं, सेफॅलोस्पोरिनं, कार्बापेनेमं सगळी चालतात.

आणि अ‍ॅझट्रिओनाम? एकट्या चौकोनाचं. त्याला शेजारचं कडं नाही, म्हणून त्यावर तो नेमका कार्बॉक्सिल गटही नाही. त्याच्या नायट्रोजनला सल्फोनेट आहे. जस्त आणि लायसीन २११ यांना धरायला जे लागतं ते जागच्या जागी येत नाही. रेणू खाचेत नीट बसत नाही आणि चौकोन हायड्रॉक्साइडसमोर हवा तसा येत नाही. सुपारी पात्याखाली आलीच नाही तर अडकित्ता काय करणार? एनडीएम अ‍ॅझट्रिओनामला हात लावत नाही तो एवढ्यासाठी.

मग एकटं अ‍ॅझट्रिओनाम का नाही दिलं? कारण ज्या प्लाझ्मिडवर (जीवाणू एकमेकांना देतात त्या डीएनएच्या सुट्या कड्यावर) किंवा ज्या जीवाणूत एनडीएम असतं तिथे बहुतेक वेळा सीटीएक्स-एम-१५ सारखी सेरीनवाली एन्झाइमंही असतात, आणि ती अ‍ॅझट्रिओनाम आरामात फोडतात. म्हणून अविबॅक्टम. ते दाढवाल्यांना गप्प बसवतं, अडकित्त्याला अ‍ॅझट्रिओनाम चालत नाही, आणि अ‍ॅझट्रिओनाम पीबीपी-३ पर्यंत पोचतं. तुमच्या डॉक्टरांनी दिलेल्या दोन औषधांमागचा हिशेब हा. ई. कोलायमध्ये मात्र हा हिशेब कधीकधी चुकतो. आपल्याकडच्या बऱ्याच एनडीएमवाल्या ई. कोलायमध्ये पीबीपी-३ मध्येच चार अमिनो आम्लांची पाचर घुसलेली असते आणि अ‍ॅझट्रिओनाम तिथेही नीट बसत नाही. क्लेबसिएलात हा त्रास सहसा नाही.

हे सगळं लॅबच्या टेबलावर कसं दिसतं ते सांगते, कारण तुमच्या रिपोर्टवरची ती ओळ तिथूनच आली. एमसीआयएम म्हणजे दोन मिलीलिटर ट्रिप्टिक सोय ब्रॉथ, त्यात एक मायक्रोलिटरच्या लूपने संशयित जंतू आणि १० मायक्रोग्रॅमची मेरोपेनेमची डिस्क. ३५ अंशांना चार तास. मग डिस्क लूपने उचलायची, नळीच्या कडेला दाबून निथळायची आणि मेरोपेनेमला बळी पडणाऱ्या ई. कोलायच्या लॉनवर, म्हणजे प्लेटभर सारख्या पसरलेल्या थरावर, ठेवायची. दुसऱ्या दिवशी डिस्कभोवती झोन १५ मिलीमीटर किंवा कमी असला तर चार तासांत औषध फुटलंय. पार फुटलं असेल तर जीवाणू डिस्कच्या कडेपर्यंत वाढतात आणि मोजपट्टीवर ६ येतो, डिस्कचाच व्यास. ईसीआयएममध्ये तेच सगळं, फक्त ब्रॉथमध्ये अर्धा मोलर ईडीटीएचे २० मायक्रोलिटर. ईडीटीए तुम्ही टायट्रेशनला वापरता तेच. ते जस्त ओढून घेतं, अडकित्त्याची पाती गळून पडतात, मेरोपेनेम वाचतं आणि झोन वाढतो. पाच मिलीमीटर किंवा जास्त वाढला तर मेटॅलो. तुमच्या रिपोर्टचा अर्थ एवढाच: जस्त काढल्यावर एन्झाइम थंडावलं.

हीच परीक्षा एकदा माझ्या अंगाशी आली होती. आयसीयूतला एक क्लेबसिएला, एमसीआयएम ६ मिलीमीटर, ईसीआयएम ७. जस्त काढूनही फरक नाही, म्हणजे सेरीनवालं, असं मी फोनवर सांगून टाकलं. सेफ्टाझिडीम-अविबॅक्टम सुरू झालं. तिसऱ्या दिवशी ताप तसाच, रक्तात जंतू तसाच. जनुकांची तपासणी केली तर एनडीएम आणि ऑक्सा-४८च्या जातीचं, दोन्ही. घडलं होतं ते असं: ईडीटीएने अडकित्ता बंद पडला, पण दाढ चालूच होती आणि चार तासांत मेरोपेनेम तिने संपवलं. परीक्षा खोटं बोलली नव्हती, मीच तिला न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर धरून बसले होते. एनडीएम सेफ्टाझिडीम फोडतं, अविबॅक्टमला जुमानत नाही. अ‍ॅझट्रिओनाम जोडल्यावर पेशंट सावरला. त्यानंतर नुसत्या ईसीआयएमवर मी ‘सेरीन’ हा शब्द तोंडातून काढलेला नाही. हल्ली गर्भचाचणीच्या पट्टीसारखी पट्टी मिळते, पंधरा मिनिटांत एनडीएम, ऑक्सा-४८, केपीसी, व्हीआयएम, आयएमपी अशा वेगवेगळ्या रेघा दाखवते. शक्य असेल तर तुमच्या लॅबला तेवढं विचारा, रिपोर्टवर नुसतं ‘मेटॅलो’ आहे, सोबत ऑक्साही आहे का.

ईडीटीएच पेशंटला का देत नाही, हा तुमचा पुढचा प्रश्न असणार. ते कॅल्शियम ओढतं, शरीराच्या स्वतःच्या एन्झाइमांचं जस्त ओढतं. २०१४ मध्ये कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या गटाने अ‍ॅस्परजिलस व्हर्सिकलर या बुरशीतून अ‍ॅस्परजिलोमरास्मीन-ए वेगळं करून दाखवलं. ते एनडीएमचं जस्त काढतं आणि उंदरांत मेरोपेनेमला पुन्हा कामाला लावतं. दवाखान्यात मात्र ते आलेलं नाही. शरीर स्वतःही हेच करू बघतं: जंतुसंसर्ग झाला की पांढऱ्या पेशी कॅल्प्रोटेक्टिन सोडतात आणि आसपासचं जस्त आवळतात. जस्ताविना एनडीएम डळमळतं आणि जीवाणूच्याच प्रथिनभक्षक एन्झाइमांच्या तोंडी जातं.

यावर एनडीएमकडे उत्तर आहे. त्याच्या २६ व्या जागेवरच्या सिस्टीनला चरबीची शेपटी लावलेली असते आणि त्या शेपटीने ते बाहेरच्या पटलाच्या आतल्या अंगाला टाचलेलं असतं. बाकीचे मेटॅलो बहुतेक मोकळे तरंगतात, हे खुंटीला बांधलेलं. त्यामुळे जस्त कमी पडलं तरी ते तग धरतं, आणि जीवाणू पटलाचे बारीक फुगे बाहेर सोडतो त्यातून एन्झाइमही बाहेर पडतं. नवे प्रकारही याच दिशेने गेले आहेत. एनडीएम-५ मध्ये ८८ वर व्हॅलीनच्या जागी ल्युसीन आणि १५४ वर मेथिओनीनच्या जागी ल्युसीन आहे. ही जागा जस्तांना थेट लागत नाही, पण १५४ चा बदल असलेले प्रकार कमी जस्तातही चांगलं काम करतात.

मग अडकित्त्याला अडवणारं काही नाहीच का? आहे. बोरॉन. चक्राकार बोरोनेट गटातलं टॅनिबोरबॅक्टम दाढेवरही बसतं आणि जस्तांवरही, कारण कार्बोनिलवर हायड्रॉक्साइड बसतानाचा जो चतुष्फलकीय क्षणिक आकार असतो, त्याची बोरॉन हुबेहूब नक्कल करतो. चतुष्फलक म्हटलं की तुमच्या विद्यार्थ्यांना मिथेन आठवेल, तोच कोन. आणि तरी एनडीएम-९ त्यातून निसटतं: १५२ वर ग्लुटामेटच्या जागी लायसीन, एवढाच बदल. दुसरी वाट वोखार्टच्या औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, संशोधन केंद्रातून आली. झिडेबॅक्टम एनडीएमला अडवायला जातच नाही. ते एनडीएमपुढे टिकतं आणि स्वतः पीबीपी-२ वर जाऊन बसतं. सोबतचं सेफेपिम हे सेफॅलोस्पोरिन पीबीपी-३ वर. सेफेपिमचा काही भाग फुटला तरी दोन ठिकाणचं विणकाम एकदम अडतं. अडकित्त्याशी भांडण्यापेक्षा हा विचार मला जास्त आवडतो.

नावाबद्दल, कारण ते निघतंच. २००८ मध्ये भारतीय वंशाच्या एका स्वीडिश रुग्णाच्या लघवीत हा क्लेबसिएला सापडला. तो त्याआधी दिल्लीत रुग्णालयात होता. २००९ च्या अखेरीस शोधनिबंध आला, नाव नवी दिल्लीचं, आणि २०१० मध्ये आपल्याकडे केवढा गदारोळ झाला ते आठवत असेल. दुसऱ्या मेटॅलोंचंही तसंच: व्हीआयएममधला ‘व्ही’ व्हेरोनाचा आणि एसपीएम साओ पाउलोवरून आहे. गावाच्या नावाने बारसं करायची यांची जुनी खोड. मला त्या वेळी राग आला होता, हे कबूल करते. पण नंतर जपून ठेवलेले जंतू तपासले गेले तेव्हा २००६ सालच्या नमुन्यांतही एनडीएम निघालं, दिल्लीसोबत मुंबई आणि पुण्याच्याही. त्यानंतर नावावर वाद घालण्यात मला रस उरला नाही. आणि या एन्झाइमांचा जन्म आपल्या औषधांनी झाला असंही नाही. अब्राहम आणि चेन यांनी पेनिसिलिन फोडणारं एन्झाइम डिसेंबर १९४० मध्येच नोंदवलं होतं, पेनिसिलिन रुग्णांवर वापरात येण्याआधी. कॅनडाच्या युकॉनमधल्या ३०,००० वर्षं गोठलेल्या मातीतल्या डीएनएतही बीटा-लॅक्टमेजची जनुकं सापडली. एनडीएमचं जनुक मात्र नवं जोडकाम दिसतं. त्याची सुरुवातीची सहा अमिनो आम्लं अमिनोग्लायकोसाइड निकामी करणाऱ्या एका जनुकाच्या सुरुवातीशी तंतोतंत जुळतात. कुठल्यातरी जीवाणूत, बहुधा अ‍ॅसिनेटोबॅक्टरमध्ये, दोन तुकडे शिवले गेले.

वर्गात प्रोजेक्टर असेल तर प्रोटीन डेटा बँकेतून दोन रचना मोफत उघडता येतात: १बीटीएल हे टेम-१ आणि ३क्यू६एक्स हे एनडीएम-१. दुसरीत अँपिसिलिन बसवलेलं आहे, पण फुटलेलं. स्फटिक वाढेपर्यंत एन्झाइमने काम उरकलं होतं. सगळं प्रथिन फिकट करा, सहा अमिनो आम्लं आणि दोन जस्त ठेवा. कोणीतरी हुशार पोरगी विचारेल की पाणी कुठे गेलं. दोन जस्तांच्या मध्ये आता अँपिसिलिनचा नवा कार्बॉक्सिल गट घुसलेला दिसेल. त्यातला एक ऑक्सिजन त्याच पाण्याचा आहे.